मारिओंची रोजनिशी

मारिओ मिरांडा यांचे नाव निघाले की वाचकांना मिस निंबूपाणी आठवते, ऑफिसातली मिस फोन्सेका आठवते, भाषणे ठोकणारा पुढारी बंडलदास आठवतो. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये बसलेल्यांना भिंतभर पसरलेली त्यांची माणसे आठवतात. हे सारे खरेच आहे. तरीही मारिओंचे सर्वांत मोलाचे काम यात नाही, असे आमचे मत आहे. ते त्यांच्या डायऱ्यांत आहे.

मारिओंचा जन्म १९२६ साली दमणला झाला. घर मात्र दक्षिण गोव्यातील लोटलीचे. श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) या चित्रपटात दिसते ते हेच पिढीजात घर. लहानपणी ते घराच्या भिंती चित्रांनी भरवू लागले, तेव्हा आईने रागे भरण्याऐवजी हातात कोरी वही दिली, असे सांगतात. या वहीचीच पुढे रोजनिशी झाली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. तेव्हा ही वही हीच त्यांची शाळा, असे म्हणायला हरकत नाही. यांपैकी १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या डायऱ्या वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांच्या प्रयत्नाने पुस्तकरूपात आल्या आहेत.

या डायऱ्यांत लिहिणे आणि रेखाटणे वेगळे काढता येत नाही. तारखेखाली इंग्रजीतला मजकूर आणि त्याला खेटून, कधी त्याच्या मधूनच वाट काढत जाणारी माणसे. चर्चमधले पाद्री, लग्नातले वऱ्हाडी, मित्र, नातेवाईक, कुत्री, आणि या गर्दीत स्वतः मारिओही. रोजनिशीचा एक कडक नियम असतो. ज्या दिवशी काहीच घडत नाही, त्या दिवसालाही पान द्यावे लागते. या नियमाने नजर तयार होते. मोठ्या प्रसंगाची वाट न पाहता समोर आहे ते पाहायची सवय लागते. पुढे मारिओंच्या चित्रांत प्रत्येक खिडकी, प्रत्येक कौल, तारेवरचा प्रत्येक कावळा हजर असतो, त्याचे मूळ आम्हाला या सवयीत दिसते.

मुंबईत आल्यावर जाहिरात कंपनीत नोकरी झाली, मग 'इलस्ट्रेटेड वीकली' आणि टाइम्स समूहातील इतर पत्रे. नाव झाले. पण वर्तमानपत्राची गरज निराळी असते. वाचकाने पान उलटता उलटता माणूस ओळखला पाहिजे. त्यासाठी साचे लागतात. डायरीतल्या माणसाला नाव होते, घर होते, त्या दिवसाची तारीख होती. व्यंगचित्रातली भरल्या अंगाची टायपिस्ट आणि बाटलीवाला गोवेकर यांना यातले काहीच उरले नाही. मारिओंच्या हसण्यात विखार नाही, ते घरच्या माणसाचे हसणे आहे, हे आम्ही मान्य करतो. पण घरात केलेली थट्टा बाहेर गेली की परक्यांना तीच ओळखपत्र वाटू लागते. एखाद्या समाजाला टोपी, दाढी किंवा बाटली एवढ्यावरच ओळखले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आज गोव्यात मगवर, टाइल्सवर विकला जातो तो बहुतांशी हा साच्यातला मारिओ.

सुदैवाने वहीची सवय सुटली नाही. गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते पोर्तुगालला गेले, नंतर काही वर्षे लंडनला राहिले आणि पुढे अनेक देश फिरले. 'जर्मनी इन विंटरटाइम'सारख्या प्रवासचित्रांत रेघांवर रेघा देऊन उभी केलेली घरे, रस्ते, थंडीतली माणसे पाहावीत. इथे विनोद मागे सरतो आणि डायरी लिहिणारा तरुण परत भेटतो. परक्या गावात साचा उपयोगी पडत नाही, पाहावेच लागते.

डायऱ्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही लोटली भाटकाराच्या सज्जातून दिसलेली आहे. तिथे सण, मेजवान्या, मित्रमंडळ आणि खिशातल्या पैशांची ओढाताण आहे. शेतात राबणाऱ्यांचा दिवस कसा जात होता, ते या पानांवरून फारसे कळत नाही. हा दोष आम्ही मारिओंच्या माथी मारत नाही. माणूस आपल्या सज्जातूनच पाहतो. त्याच गावातल्या मुंडकाराच्या पोराने अशीच एक वही भरली असती तर लोटलीची दुसरी बाजूही आपल्यापर्यंत पोहोचली असती.

डायऱ्या भरल्या जात होत्या तेव्हा गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती. १९६१ च्या डिसेंबरात ती गेली आणि ते जग हळूहळू मावळले. आपण इतिहास लिहितो आहोत असे त्या तरुणाच्या मनातही नसेल. मारिओ २०११ साली गेले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, त्यांचा योग्य तो गौरव झाला.

आमच्या मोहल्ल्यांतही चांगला हात असलेली मुले आहेत. मेंदीच्या नक्षीत, दुकानाच्या पाटीवर तो हात दिसतो. बाहेरच्यांनी आम्हाला साच्यात रंगवले अशी तक्रार आम्ही वर्षानुवर्षे करत आलो, आणि ती खोटी नाही. पण नळावरची गर्दी, इफ्तारची लगबग, ओट्यावर बसलेली दादी, लूमवरून परतणारे अब्बा हे सारे नावासकट, तारखेसकट कोणत्या वहीत आहे? त्यासाठी लागते ती साधी वही, एक पेन आणि भिंत रंगवणाऱ्या पोराला न मारणारी आई.