‘आय हॅव अ हेडेक’च्या पुढे काय?

दुखण्याखुपण्यावरचे इंग्रजीचे धडे बहुतेक वेळा नामांच्या यादीवरच थांबतात: हेडेक, फीवर, कोल्ड. अडचण मात्र रचनेत आहे. मराठीत ‘माझं डोकं दुखतंय’, ‘मला ताप आलाय’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय हॅव’. शिवाय आपल्या सिहोऱ्याकडे रोवणीनंतर कंबर ‘धरते’, जखम ‘ठणकते’, काटा ‘सलतो’. हे सगळं एका ‘पेन’मध्ये कोंबायचं? इंग्रजीत शब्द कमी नाहीत. मेल्झॅक यांच्या १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडलेत. धड्यात ते येतच नाहीत. यावर संशोधन करणार असाल तर पाठ झालेले शब्द मोजत बसू नका. कुठे, कसं, कधीपासून दुखतंय, हे विद्यार्थ्याला डॉक्टरला सांगता येतं का, ते तपासा.