अडीच स्टार नेमके कशाला?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "तुम्ही सिनेमावर तासभर बोलता, पण पाचपैकी किती, ते कधीच सांगत नाही." तक्रार रास्त आहे. आज आकडे सांगणार आहोत. त्याआधी मात्र एक कबुली द्यायची आहे.

आम्ही सहा मित्रमैत्रिणी घरी पाहिलेल्या सिनेमांची एक वही ठेवतो. नाव, तारीख, पाचपैकी स्टार आणि एखादी ओळ. ही वही परवा चाळताना चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या 'कोर्ट'पुढे आमच्यातल्याच एकाचा शेरा सापडला : 'अडीच. शेवटच नाही.' विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा पडतो. आमच्या मित्राने तिथेच रिमोट उचलला.

आता ज्यांनी 'कोर्ट' पुरा पाहिलाय, त्यांना माहीत आहे की त्या काळोखानंतर सिनेमा शिल्लक आहे. न्यायाधीश सहलीला गेलेले आहेत. बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो, मुलं ओरडून त्यांना दचकवतात आणि ते एका पोराला थप्पड देतात. ज्या माणसाच्या शब्दावर एका लोकशाहिराचा जामीन अडकलेला होता, तो माणूस खुर्चीबाहेर कसा आहे, ते त्या डुलकीत आणि त्या थपडेत दिसतं. थिएटरात आपण त्या काळोखात बसून राहतो, कारण तिथला रिमोट आपल्या हातात नसतो. घरी पडदा काळा झाला की 'संपलं' म्हणून आपण उठतो. म्हणजे ते अडीच स्टार 'कोर्ट'चे नव्हतेच. ते एका अर्धवट पाहिलेल्या संध्याकाळचे होते.

वही आमच्यापुरती असती तर हसून सोडून दिलं असतं. पण तो आकडा त्याच रात्री तीन-चार ग्रुपवर गेला होता आणि तो वाचून निदान दोन घरांनी 'कोर्ट' पाहिला नाही. मोठ्या हिंदी सिनेमाचं आपल्या अडीच स्टारांनी काही बिघडत नाही. छोट्या मराठी सिनेमाला मात्र थिएटरात मोजके खेळ मिळतात, आणि पुढचं त्याचं सगळं आयुष्य आपल्याच घरांत जायचं असतं. तिथे मावसभावाचा एक आकडा पुरेसा होतो.

बरं, हे आकडे तरी सारखे असतात का? रॉटन टोमॅटोजवर नव्वद टक्के दिसले की आपण म्हणतो, शंभरपैकी नव्वद मिळाले. तसं नाही. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच तो आकडा सांगतो. सगळ्यांनी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी शंभर टक्के होतात. आयएमडीबीवर दहापैकी गुणांची भारित सरासरी असते. नेटफ्लिक्सने तर २०१७ मध्ये स्टार काढून टाकले आणि अंगठा आणला, वर किंवा खाली. म्हणजे तुमचे पाचपैकी तीन, त्यांचे दहापैकी सात आणि कुणाचा अंगठा, ही वेगवेगळी मापं आहेत. आपण ती एकाच तराजूत घालतो.

पण मापापेक्षा मोठा प्रश्न पाहण्याचा आहे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' घ्या. मेलेलं डुक्कर बांबूला बांधून जब्याचं घर ते खांद्यावरून नेतंय, आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज यांची चित्रं आहेत. त्यावर कुणी एक अक्षर बोलत नाही. आता आमच्यातल्या एकीने हा सिनेमा भाजी निवडत पाहिला. खरं म्हणजे ऐकला. तिचा शेरा : 'तीन. गोष्ट साधी आहे.' कानाने पाहिलं तर साधीच आहे! सिनेमाचं सगळ्यात मोठं वाक्य त्या भिंतीवर होतं, आणि तेव्हा तिची नजर परातीत होती. यात तिला दोष देत नाही. घरात बाईला नुसतं बसून सिनेमा पाहू देतात कुठे, हाही प्रश्न आहेच.

तिसरं उदाहरण आमचं सगळ्यांचं. 'द डिसायपल' एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. व्हेनिसला त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला होता, त्यामुळे अपेक्षा मोठ्या. वहीत दोघांनी लिहिलंय, 'संथ.' दोघांपैकी एकाने तो दीडपट वेगाने पाहिला होता! अहो, विलंबित दीडपट केलं की ते विलंबित राहत नाही. शरद रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकल चालवतोय आणि कानात माईंची व्याख्यानं आहेत, ती दृश्यं पुढे ढकलायची नसतात. त्याचं आयुष्य त्याच वेगात अडकलंय. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायक आहेत. त्यांच्या गाण्यात चूक नाही, तरी काहीतरी राहून गेलंय, हे आपल्याला ऐकू यावं लागतं. ते ऐकू आलं नाही तर सिनेमा रिकामाच वाटणार.

घरी पाहण्यात सगळं वाईटच आहे असं नाही हं. 'द डिसायपल'मधलं माईंचं बोलणं आम्ही थांबवून, मागे नेऊन तीनदा ऐकलं. थिएटरात ते जमलं नसतं. आणि घरी सिनेमा संपल्यावर लगेच भांडता येतं, हा तर मोठाच फायदा.

तर आता आकडे, आणि प्रत्येकासोबत कसं पाहिलं ते. 'कोर्ट' : पाच. दिवे घालवून, सलग, दुसऱ्यांदा. 'फँड्री' : साडेचार. मोठ्या पडद्यावर एकदा, घरी एकदा. काळ्या चिमणीच्या राखेचा आणि चंक्याचा धागा आम्हाला थोडा सैल वाटतो, म्हणून अर्धा कमी. 'द डिसायपल' : चार. दोन रात्रींत विभागून. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या मुलीचं पुढे काय होणार, हे पहिल्याच झलकीत कळतं, आणि बाकीच्या सिनेमाची नजर इतकी सोपी नाही.

तुम्ही या मतांशी भांडावं, अशीच इच्छा आहे. भांडता येईल, कारण आम्ही काय पाहिलं आणि कशामुळे अर्धा स्टार कापला ते तुमच्यापुढे आहे. नुसत्या 'अडीच'शी कसं भांडणार? म्हणून एवढीच विनंती, की पुढच्या वेळी ग्रुपवर आकडा टाकाल तेव्हा सोबत दोन गोष्टी लिहा : कसा पाहिला, आणि कुठलं दृश्य लक्षात राहिलं. एकही दृश्य आठवत नसेल, तर आकडा त्या दिवशी टाकू नका.

आमच्या वहीत त्या अडीचवर आता काट मारलेली आहे. मित्राने 'कोर्ट' पुन्हा पाहिला, या वेळी थपडेपर्यंत. त्याने नवा आकडा मात्र अजून लिहिलेला नाही. म्हणतो, विचार करतोय.