कोंबड्याच्या तुऱ्यातील दात : एका नमुन्याची साक्ष

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात कोंबड्याचा एक तुरा जतन केलेला असून त्यात माणसाचा दात रुतलेला आहे. जॉन हंटर (१७२८–१७९३) याचा हा प्रयोग अवयवरोपणाच्या इतिहासांत आरंभीच येतो, आणि बहुधा यशस्वी म्हणूनच येतो. ही ख्याती तपासून पाहण्याजोगी आहे.

हंटरने आपली कृती १७७१ च्या दंतविषयक ग्रंथात दिली आहे. तुऱ्यात खोल छेद घेऊन त्याने निरोगी दाताचे मूळ त्यात दाबून बसविले व दोऱ्यांनी बांधले. काही महिन्यांनी कोंबडा मारून त्याच्या रक्तवाहिन्यांत द्रव भरला. मग सौम्य आम्लात दात मऊ करून तुऱ्यासह उभा चिरला. दातातील वाहिन्यांत द्रव उतरलेला होता व दात तुऱ्याला सर्वत्र चिकटलेला होता. वर्णन इतके नेटके आहे की वाचकाचा संशय तेथेच मावळतो. परंतु त्यालाच जोडून हंटर ओझरते सांगतो की, पुष्कळ प्रयत्नांपैकी हा एकच सफल झाला. ते प्रयत्न किती आणि ते कशाने फसले, हे तो सांगत नाही.

नमुना खोटा नाही; त्याची साक्ष मात्र अपुरी आहे. दात चिकटला एवढे त्यावरून दिसते. तो जिवंत राहिला हे दिसत नाही. भरलेल्या वाहिन्या कोंबड्याच्याच असून त्या दाताच्या पोकळीत शिरल्या असणेही संभवते. परके ऊतक शरीर नाकारते व ती प्रतिकारशक्तीची क्रिया आहे, हे १९४० नंतरच्या दशकात पीटर मेडावर यांनी सशांवरील त्वचारोपणातून दाखविले. हंटरला ते ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि तो दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपल्याच पुस्तीचा अर्थ मात्र त्याला लावता आला असता.

तो त्याने लावला नाही. १७७८ च्या ग्रंथात त्याने माणसाचा दात माणसाला बसविण्याची पद्धती सांगितली, आणि पहिला दात नीट न बसल्यास उपयोगी पडावीत म्हणून योग्य दातांची अनेक माणसे हाताशी ठेवावीत असेही सुचविले. दात देणारी ही माणसे बहुधा गरीब असत. टॉमस रोलंडसनच्या १७८७ च्या व्यंगचित्रात धनिक स्त्रीसाठी धुराडी झाडणाऱ्या पोराचा दात उपटला जात आहे. अशा रोपणानंतर उद्भवलेले विकार स्वतः हंटरनेच १७८६ च्या गुप्तरोगविषयक ग्रंथात नोंदविले. तेथेही ते उपदंशाचे आहेत हे मान्य करण्यास तो तयार झाला नाही.