न दिसणं म्हणजे नसणं नव्हे

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा संगणकावरच्या नकाशांशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो आमच्या एका चुकीतून जुळला. तेव्हा सुरुवात त्या चुकीपासूनच करू.

आम्ही कोपरीतले, म्हणजे ठाणे पूर्वेचे, पाच-सहा निवृत्त लोक. पावसाळ्यात आपल्या भागातल्या कोणत्या गल्लीत किती दिवस पाणी साचतं, याचा नकाशा करायचं आम्ही ठरवलं. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला खाडी. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. नकाशा करायचा तर शिकायला हवं. म्हणून क्यूजीआयएस घेतलं, वेबवर मांडणीसाठी लीफलेट घेतलं, आणि इंटरनेटवरचे धडे बघत बसलो. दोन्ही साधनं फुकट आहेत, कोणालाही वापरता येतात. या वयात ते जमलं याचा आनंद झाला, हे कबूल करतो.

नकाशा देखणा झाला. फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत रंग. जितकं पाणी जास्त, तितका रंग गडद. तो घेऊन आम्ही रहिवाशांच्या एका बैठकीत गेलो. पंप कुठं लावायचे याची यादी त्यावरून होणार होती. पडद्याकडे बघून एक जण म्हणाले, "बरं झालं, मीठबंदर रोडच्या पुढं खाडीकडे काही त्रास दिसत नाही." तिकडच्या गल्ल्या सगळ्या फिकट पिवळ्या होत्या. मागून एक वयस्क कोळीण उठल्या. म्हणाल्या, "सर, आमाला इचाराला कोन आयलं व्हतं?"

कोणीच गेलं नव्हतं. म्हणजे एकदा सकाळी गेलो होतो, पण त्या वेळी बायका मासळी घेऊन बाजारात गेलेल्या. दारं बंद होती. आमच्या तक्त्यात त्या गल्ल्यांचे रकाने रिकामे होते. रिकामे, शून्य नव्हे. तरी नकाशात त्यांना शून्याचा रंग मिळाला. नकाशा तिथल्या तिथं मागे घेतला, यादी थांबली. घरी येऊन शोधलं, हे झालं कसं?

लीफलेटचा एक प्रसिद्ध धडा आहे. अमेरिकेतल्या राज्यांची लोकसंख्येची घनता रंगांत दाखवायला तो शिकवतो. त्यात एकामागून एक अटी आहेत: किंमत १००० पेक्षा मोठी आहे का? ५०० पेक्षा? असं करत करत १० पेक्षा? आणि कुठल्याच अटीत न बसणाऱ्याला शेवटचा, सर्वांत फिकट रंग. आता रिकामी किंमत १० पेक्षा मोठी आहे का, असं विचारलं की संगणक सरळ म्हणतो, नाही. मग तिला आपोआप सर्वांत खालच्या गटाचा रंग लागतो. त्या धड्यात सगळ्या राज्यांची माहिती भरलेली असल्यामुळे काही बिघडत नाही. पण शिकणारा तीच चौकट उचलतो, आपली अर्धवट माहिती तिच्यात ओततो, आणि अज्ञानाला 'सर्व ठीक'चा रंग येतो. क्यूजीआयएसमध्ये उलटं होतं. तिथं वर्गवार रंग दिले की रिकाम्या किमतीची आकृती काढलीच जात नाही. पाहणाऱ्याला वाटतं, तिथं गल्लीच नाही.

आता आमचा खरा विषय. मीमांसेतल्या भाट्ट परंपरेनं, आणि पुढे अद्वैत वेदान्तानंही, 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे आपल्याला कळतं. नैयायिकांचं म्हणणं निराळं. त्यांना हे प्रत्यक्षातच बसवता येतं. पण अट दोघांनाही मान्य आहे: न दिसणं 'योग्य' असलं पाहिजे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे हवेत, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. आमच्या खाडीकडच्या गल्ल्या ही अंधारी खोली होती, आणि आम्ही तिला रंग देऊन उजेडात असल्यासारखी दाखवली.

आमची टीका इथं आहे. हे धडे वाईट नाहीत. रंगांच्या श्रेणी कशा निवडाव्यात यासाठी सिंथिया ब्रूअर यांनी उभं केलेलं कलरब्रूअर हे साधन तर फार उपयोगी आहे. रंग नीट ओळखू न शकणाऱ्यांचाही त्यात विचार आहे. पण आम्ही पाहिलेले बहुतेक धडे जे आहे ते कसं दाखवायचं हेच शिकवतात. जे माहीत नाही ते कसं दाखवायचं, हा प्रश्न आलाच तर शेवटी, तळटीपेसारखा. जुने नकाशे आठवा. १७६७ पासून चालत आलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांवर, जिथं मोजणी झाली नव्हती तिथं 'अनसर्व्हेड' असं चक्क छापलेलं आढळतं. त्या नकाशांमागं साम्राज्याचा स्वार्थ होता, हे आम्ही विसरत नाही. तरी एवढा प्रामाणिकपणा त्या कोऱ्या जागेत होता.

वेबवरच्या नकाशात दुसरा एक आडोसा आहे, तो झूमचा. नेहमीच्या २५६ पिक्सेलच्या चौकटींत झूमच्या दहाव्या पायरीवर ठाण्याच्या अक्षांशाला एक पिक्सेल म्हणजे सुमारे १४४ मीटर. एवढ्यात कोपरी मोजक्या ठिपक्यांत मावते. दोन नावं एकमेकांवर आली तर कमी महत्त्वाचं गळतं, आणि महत्त्व कोणाचं किती हे नियमानं आधीच ठरलेलं असतं. ठाणे राहतं, कोपरी जाते. यात अन्याय आहे असं नाही. लहान प्रमाणाच्या नकाशात गाळावं लागतंच. पण कागदाच्या नकाशावर प्रमाण छापलेलं असे, वाचणारा समजून असे. झूम मात्र असा भास निर्माण करतो की आणखी जवळ गेलं की सगळं दिसणारच. ते दिसेलच असं नाही. चेंदणीच्या कोळीवाड्यातली बंदराकडे जाणारी पायवाट कोणी नोंदलीच नसेल, तर अठराव्या पायरीवरही ती दिसणार नाही.

नावाचंही तसंच. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. पण भारतात मुख्य रकान्यात बहुधा इंग्रजी नाव असतं, आणि नेहमीचा नकाशा मुख्य रकाना दाखवतो. म्हणजे 'कोपरी' हे देवनागरी नाव तिथं भरलेलं असलं तरी पाहणाऱ्याला दिसणार नाही. इथं वस्तू आहे, आडोसा मांडणीचा आहे.

कोणी म्हणेल, सर, साधनाचा काय दोष? शिकणाऱ्यानं पाहावं. बरोबर आहे, चूक आमचीच होती. पण शिक्षणात क्रमाला अर्थ असतो. जे पहिल्या दिवशी शिकवलं जातं त्याची सवय होते, जे शेवटी येतं ते राहून जातं. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: पहिली अट 'किंमत आहे का?' ही असावी. माहिती नाही त्याला वेगळी खूण असावी, करड्या तिरप्या रेघांची. ती रंगांच्या श्रेणीत बसवू नये. सूचीत 'माहिती नाही' ही ओळ असावी, आणि कोणाला, कधी विचारलं हेही लिहावं.

आमचा नकाशा आम्ही पुन्हा केला. या वेळी संध्याकाळी गेलो, बायका घरी असताना. खाडीकडच्या काही गल्ल्या गडद लाल झाल्या. काहींची दारं तरीही उघडली नाहीत. त्यांच्यावर तिरप्या रेघा आहेत. त्या बाई नकाशा बघून म्हणाल्या, "या रेघा म्हंजे अजून यायचं हाय ना?"

होय. तेवढाच त्यांचा अर्थ.