अंतरंगातील कुटुंब आणि उंबरठ्याबाहेरचा माणूस

माणसाचे मन एक की अनेक, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा वाटतो खरा. पण तो रोज पहाटे आपल्या अंथरुणातच उपस्थित होतो. एक जण म्हणतो, ऊठ, प्रार्थनेची वेळ झाली. दुसरा पांघरूण ओढून घेतो. तिसरा या दोघांनाही दिवसभर बोल लावीत राहतो. हे तिघेही आपणच. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हीच ओढाताण मांडली आणि संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या आठव्या भागात तिची चिरफाड केली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांचे ‘नो बॅड पार्ट्स’ (२०२१) हे पुस्तक याच जुन्या दुखण्याकडे नव्या नजरेने पाहते. धर्मग्रामातील एका तरुण वाचकाने ते आमच्या हाती दिले, म्हणून हा प्रपंच.

श्वार्ट्झ मूळचे कौटुंबिक समुपदेशक. १९८० नंतरच्या दशकात, अधाशीपणे खाऊन ते ओकून टाकण्याचा विकार जडलेल्या रुग्णांवर ते उपचार करीत होते. हे रुग्ण ‘माझ्यातला एक भाग असे म्हणतो, दुसरा तसे म्हणतो’ अशा भाषेत बोलत. घरातील भांडणे एकट्यादुकट्याच्या दोषाने होत नाहीत, ती नात्यांच्या गुंत्यातून होतात, हे श्वार्ट्झ यांना ठाऊक होतेच. मनाच्या आतही असेच एक कुटुंब नांदते, हा त्यांचा सिद्धान्त येथून उदयास आला. त्या कुटुंबात काही ‘हद्दपार’ असतात : अपमान, भय, पोरकेपण उराशी धरून तळघरात कोंडलेली जणू लहान मुलेच. काही ‘कारभारी’ असतात. तळघराचे दार उघडू नये म्हणून ते शिस्त, टीका आणि नीटनेटकेपणा यांचा पहारा ठेवतात. तरीही दार उघडलेच, तर ‘अग्निशामक’ धावतात आणि दारू, संताप, अतिखाणे अशा मिळेल त्या पाण्याने आग विझवितात. या सर्वांपलीकडे शांत, जिज्ञासू आणि करुणामय असा ‘स्व’ असतो व तो कधीच भंगत नाही, अशी लेखकाची श्रद्धा आहे.

एक प्रसंग त्यांनी प्रांजळपणे सांगितला आहे. स्वतःला इजा करून घेणाऱ्या एका रुग्ण स्त्रीच्या त्या घातक भागाला त्यांनी दटावून, हटून, कबूल करविले. पुढच्या भेटीला ती चेहऱ्यावर खोल जखम घेऊन आली. तेव्हा त्यांनी हार पत्करली, आणि लढाई थांबताच तो भाग बोलू लागला. कधी काळी तिला वाचविण्यासाठीच तो पुढे आला होता. आम्हा धर्मगुरूंना हे पान खाली मान घालावयास लावते. ‘हा दुर्गुण उपटून टाका’ हा उपदेश आम्ही किती सहजपणे केला! ज्या तणाखाली मूल लपले आहे, ते तण उपटण्यापूर्वी वाकून पाहावे लागते.

उधळ्या पुत्राच्या दाखल्याची येथे आठवण होते. धाकटा दूरदेशी गेलेला; थोरला शेतात राबणारा, हिशेबी, आतून धुमसणारा. श्वार्ट्झ यांची परिभाषा वापरायची, तर एक हद्दपार आणि दुसरा कारभारी. पिता दोघांसाठीही घराबाहेर येतो. थोरल्याचीही समजूत घालतो. इथपर्यंत पुस्तक आणि दाखला हातात हात घालून चालतात. पण धाकट्याच्या ओठांवर एक वाक्य होते : मी अपराध केला आहे. पित्याने ते पुरते ऐकण्याआधीच मिठी मारली, हे खरे. तरी ते उच्चारले गेले. पुस्तकात मिठी आहे; या वाक्याला मात्र जागा अपुरी आहे.

आमचा आक्षेप अनुभवाचा आहे. पापनिवेदनात ऐकलेले ओठांवर आणता येत नाही, म्हणून उदाहरण स्वतःचेच देतो. काही वर्षांपूर्वी वाचनात उच्चार चुकला म्हणून एका मुलाला आम्ही मिस्सा संपताच सर्वांदेखत झिडकारले. तो पुन्हा वाचनपीठाकडे फिरकला नाही. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एका संध्याकाळी आम्ही आमच्यातील त्या कठोर भागाला विचारले, ‘बाबा रे, तुला भीती कसली वाटते?’ उत्तरादाखल सेमिनरीचे भोजनगृह डोळ्यांपुढे उभे राहिले. गावातील मराठी शाळेतून आलेला एक मुलगा जेवणाच्या वेळी इंग्रजी उतारा वाचतो आहे आणि बाके हसताहेत. त्या दिवसापासून हा पहारेकरी जागा आहे. कुणी हसण्याआधीच तो ओरडतो. आमचे डोळे भरून आले. मन हलके झाले.

पण त्या मुलाचे काय? आमच्या डोळ्यांतील पाणी त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. आम्ही क्षमा मागितली. ‘फादर, मी विसरलोय केव्हाच,’ तो म्हणाला. पण त्याने वर पाहिले नाही.

आपली जखम समजली म्हणून आपण केलेली जखम भरत नाही. दुष्कृत्याला सूट द्यावी, असे श्वार्ट्झ कोठेही म्हणत नाहीत, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु पुस्तकातील स्वाध्यायांचा मुख्य ओढा आतल्या माणसांकडे आहे. उंबरठ्याबाहेर उभा असलेला माणूस नजरेतून निसटतो. शिवाय ज्यांच्या तळघरात फार मोठे दुःख कोंडलेले आहे, त्यांनी केवळ पुस्तकाच्या भरवशावर ते दार उघडू नये. जाणत्या उपचारकाचा हात धरावा.

तरीही हे पुस्तक वाचावे, विशेषतः आमच्यासारख्या उपदेशकांनी. विवेकाची झडती घेताना आपण आजवर फिर्यादी होऊनच आत शिरत आलो. पित्यासारखे कसे शिरावे, हे ते शिकविते. मात्र आतली समजूत पटली की चप्पल घालून बाहेर पडावे. तो मुलगा अजून वाचनपीठाकडे आलेला नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.