तांत्रिक लेखन व संपादन प्रशिक्षण कार्यशाळा : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

तांत्रिक लेखन व संपादन या विषयावरील प्रशिक्षण कार्यशाळा हा महाविद्यालयीन जीवनाचा आता परिचित भाग झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या पदोन्नतीशी संशोधनलेखनाचे गुणांकन जोडले. २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याला प्रतिबंध करणारी चौकट घालून दिली. २०१९ मध्ये नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. या बदलांमुळे कार्यशाळांचा भर प्रामुख्याने शोधनिबंधाची रचना, संदर्भ देण्याच्या पद्धती, साम्य-तपासणी आणि नियतकालिकाची निवड या घटकांवर राहिला. या घटकांची आवश्यकता वादातीत आहे. तथापि तांत्रिक लेखन म्हणजे शोधनिबंध, आणि संपादन म्हणजे त्याची मांडणी नियमात बसविणे, असे समीकरण त्यातून रूढ झाले. हे समीकरण अपुरे कसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

जिल्ह्याचे तांत्रिक वाङ्मय

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याची ओळख बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी घडविली आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ची स्थापना केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. खरपुडी येथे मराठवाडा शेती साह्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा जिल्ह्यात तांत्रिक मजकुराची वानवा नाही. बियाण्याच्या पाकिटावरील तपशील, कीटकनाशकाच्या डब्यासोबतचे माहितीपत्रक, माती परीक्षणाचा अहवाल, ठिबक संचाची जोडणी-पुस्तिका, कारखान्यातील भट्टीजवळचा सुरक्षा-फलक, पीकविम्याचा अर्ज हे सर्व तांत्रिक लेखनच होय.

या वाङ्मयाला वाचक आहे आणि तो ते वाचून तत्काळ कृती करतो. शोधनिबंधातील संदिग्ध वाक्याने फार तर परीक्षकाचा गैरसमज होईल. माहितीपत्रकातील संदिग्ध वाक्याने पीक जाते, प्रसंगी जीव जातो. असे असूनही या लेखनाची चिकित्सा करणारे सत्र कार्यशाळांच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच आढळते. मराठीचा अध्यापक ते आपले क्षेत्र मानत नाही आणि विज्ञानाचा अध्यापक त्यास लेखन मानत नाही.

एका सूचनेची चिकित्सा

जालन्याशी निगडित असलेले बीटी कपाशीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिको-मोन्सॅन्टोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. तिच्यासोबत एक अट होती. बीटी कपाशीभोवती किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तितके, बिगर-बीटी कपाशीचे आश्रय पीक लावावे. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम ‘नॉन-बीटी’ बियाण्याचे वेगळे पाकीट देण्याची पद्धत पडली.

या अटीमागील तर्क लोकसंख्या-जनुकशास्त्राचा आहे. बीटी प्रथिनाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या शिल्लक राहतातच. त्यांच्या पतंगांचे मीलन आश्रय पिकावर वाढलेल्या साध्या पतंगांशी झाले, आणि प्रतिकारशक्तीचा गुण अप्रभावी असला, तर पुढची पिढी पुन्हा बीटी कपाशीवर मरते. आश्रय पीक नसेल तर प्रतिकारक पतंगांचे मीलन आपसांतच होते आणि प्रतिकारशक्ती वेगाने पसरते.

आता शेतकऱ्याच्या बाजूने ही सूचना वाचली पाहिजे. अळीपासून संरक्षण मिळावे म्हणून त्याने महाग बियाणे घेतले. त्याच वेळी अळीला खाण्यासाठी पाच ओळी राखून ठेवण्यास त्याला सांगितले गेले. तोटा आजचा आणि त्याचा एकट्याचा. लाभ काही वर्षांनंतरचा आणि साऱ्या शिवाराचा. अशी सूचना ‘लावावे’ या आज्ञार्थी क्रियापदावर उभी राहू शकत नाही. तिला कारण जोडावे लागते, आणि ते कारण शेतकऱ्याच्या अनुभवातील दाखल्याने सांगावे लागते. अनेक ठिकाणी हे पाकीट बांधावर पडून राहिले किंवा फेकले गेले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कपाशीची मोठी हानी केली, तेव्हा आश्रय पिकाचा अभाव हे तिच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले.

याचा सर्व दोष लेखनाला देणे अन्यायाचे होईल. लहान जमीनधारणा, लांबलेला हंगाम, फरदड घेण्याची प्रथा ही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत. परंतु दोन एकरांच्या शेतकऱ्याला पाच ओळींचा त्याग करण्यास प्रवृत्त करणे हा भाषिक प्रश्नही होता, हे नाकारता येत नाही. त्याकडे भाषिक प्रश्न म्हणून पुरेसे लक्ष दिले गेले नाही, हा येथील आक्षेप आहे.

माप, मात्रा आणि संदिग्ध वाक्य

दुसरे उदाहरण फवारणीच्या सल्ल्याचे आहे. कृषी सल्ल्यांमध्ये दीर्घकाळ एक वाक्य ठरावीक पद्धतीने छापले जात असे : वरील प्रमाण साध्या पंपासाठी असून पेट्रोल पंपासाठी मात्रा तीनपट करावी. लिहिणाऱ्याच्या मनातील अर्थ स्पष्ट होता. पेट्रोल पंपाला एकरी पाणी सुमारे एक तृतीयांश लागते; म्हणून प्रतिलिटर प्रमाण तिप्पट ठेवले की एकरी औषध तितकेच राहते. पण वाक्यात ‘प्रतिलिटर’ हा शब्द नाही, पाणी कमी लागते हेही सांगितलेले नाही. वाचणाऱ्याने एकरी औषधच तिप्पट वापरले, तर चूक त्याची म्हणता येणार नाही. येथे संपादकाचे काम दोन शब्दांचे होते; ते न झाल्याने विषाची मात्रा तिप्पट होण्याची शक्यता निर्माण झाली.

मापांचीही हीच गत आहे. माहितीपत्रकात मात्रा हेक्टरी मिलिलिटरमध्ये असते; शेतकरी एकर आणि गुंठ्यात विचार करतो आणि औषध पंपामागे टोपणाने मोजतो. समजा, हेक्टरी ५०० लिटर पाण्यात ५०० मिलिलिटर औषध सांगितले आहे. याचा अर्थ १५ लिटरच्या पंपाला १५ मिलिलिटर आणि एकरी सुमारे १३ पंप. हे गणित शेतकऱ्याने बांधावर करावे, अशी अपेक्षा धरणारा मजकूर अपूर्ण समजला पाहिजे. ते लेखकाने मेजावर करावयाचे असते.

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार डब्यावर विषारीपणाची श्रेणी रंगीत त्रिकोणाने दर्शविली जाते. लाल म्हणजे अतितीव्र विषारी. त्यानंतर पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा, असा हा क्रम आहे. हिरवा रंग पाहून ‘हे औषध निर्धोक आहे’ असा अर्थ शेतकऱ्याने काढणे अगदी स्वाभाविक होय, कारण त्याच्या जगात हिरवा रंग निकोप पिकाचा आहे. शिवाय माहितीपत्रक इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा यांत छापावयाचे असल्याने एका लहान कागदावर अक्षरांची दाटी होते. त्याहून मूलभूत अडचण अशी की, औषध विकत घेणारा आणि फवारणारा बहुधा वेगवेगळे असतात. पत्रक मालकाच्या घरी राहते आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु सूचना कोणासाठी लिहिली जाते आणि ती कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न तिने तीव्रतेने पुढे आणला.

परिभाषेचा प्रश्न

मराठीतील तांत्रिक लेखनाची चर्चा बहुधा पारिभाषिक शब्दांपाशी येऊन थांबते. मराठवाड्याला या प्रश्नाचा वेगळा इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात १९१७ मध्ये उर्दू भाषांतर विभाग स्थापन झाला आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आधुनिक विद्यांचे शिक्षण उर्दूतून देण्यात आले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. परंतु मराठवाड्यातील बहुसंख्यांची भाषा त्या प्रयोगाबाहेर राहिली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले आणि विविध विषयांचे परिभाषा कोश तयार झाले. या कार्याचे मोल मोठे आहे.

तथापि कोणते शब्द रुजले हे पाहणे उद्बोधक ठरते. ‘ठिबक’ आणि ‘शेततळे’ हे शब्द शिवारात सहज स्थिरावले, कारण ते ऐकताच डोळ्यांसमोर वस्तू उभी राहते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, लाल्या, मर ही नावे शेतकऱ्यांच्या निरीक्षणातून आलेली असून ती कीड वा विकृतीचे लक्षण अचूक सांगतात. याउलट ‘नॉन-बीटी’ला लोकांच्या तोंडी बसेल असा मराठी शब्द मिळाला नाही, नकारातून बनलेले ते नाव त्या पाकिटाचे काम सांगत नाही. परिभाषा कोशातून घ्यावी, पण ती वाचकाच्या ओठांवर तपासावी, हा संपादनाचा पहिला नियम ठरावा.

कार्यशाळेचे अपेक्षित स्वरूप

प्रचलित कार्यशाळेचा साचा ठरलेला असतो : उद्घाटन, साधन व्यक्तींची दोन-तीन व्याख्याने, समारोप आणि प्रमाणपत्र. त्यात सहभागी व्यक्तीने लिहिलेले एकही पान तपासले जात नाही. लेखन हे कौशल्य असल्याने केवळ श्रवणाने ते साध्य होणे शक्य नाही.

जालन्यासारख्या जिल्ह्यात यास पर्याय उपलब्ध आहे. कार्यशाळेत प्रत्यक्ष बाजारातील एखादे माहितीपत्रक घ्यावे. कृषी वा रसायनशास्त्राच्या अध्यापकाने त्यातील आशयाची अचूकता पाहावी. मराठीच्या अध्यापकाने वाक्यरचना, क्रम आणि संदिग्धता पाहावी. त्यानंतर सुधारित मजकूर शेतकरी व फवारणी करणारा मजूर यांना वाचून दाखवावा आणि त्यांना फक्त एक प्रश्न विचारावा : आता तुम्ही काय कराल? त्यांचे उत्तर आणि लेखकाचा हेतू यांतील अंतर म्हणजे संपादनाचे उरलेले काम. कृषी विज्ञान केंद्रांच्या मेळाव्यांत शेतकरी तज्ज्ञांना उलट प्रश्न विचारतात; महाविद्यालयीन कार्यशाळांनी ही पद्धत स्वीकारण्यास कोणताही अडसर नाही. यासाठी वेगळ्या निधीची नव्हे, विद्याशाखांमधील भिंत ओलांडण्याची गरज आहे. बहुविद्याशाखीय या विशेषणाला त्यातूनच अर्थ प्राप्त होईल.

समारोप

शोधनिबंधाचे लेखन शिकविणाऱ्या कार्यशाळा बंद व्हाव्यात, असा या विवेचनाचा हेतू नाही. वाक्यातील कर्ता, परिमाण आणि अट स्पष्ट ठेवण्याची शिस्त दोन्ही प्रकारच्या लेखनाला समान लागते. किंबहुना पंपामागे किती मिलिलिटर हे निःसंदिग्धपणे लिहू शकणारा अध्यापक आपला शोधनिबंधही अधिक नेमका लिहील. मात्र कार्यशाळेचे यश किती प्रमाणपत्रे वाटली यावर न मोजता, तिच्यातून बाहेर पडलेला मजकूर वाचून किती जणांना योग्य कृती करता आली, यावर मोजले गेले पाहिजे. बियाण्यांच्या जिल्ह्यातील महाविद्यालयांकडून इतकी अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही.