‘स्रोत: जनगणना’ एवढ्याने भागत नाही

ज्ञानेश्वरीवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी ओवी देताना प्रत सांगतो. राजवाडे प्रत की साखरे प्रत, हे लिहिलं नाही तर परीक्षक त्याला तिथेच अडवतात. पाठभेदाने अर्थ बदलतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. समाजशास्त्राच्या प्रबंधात मात्र तक्त्याखाली ‘स्रोत: जनगणना 2011’ एवढंच असतं, आणि कोणी अडवत नाही. या ढिलाईबद्दल आज आम्हाला बोलायचं आहे.

आता बघा, 2011 च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येचा आकडा एकच नाही. तात्पुरत्या आकडेवारीत तो 121,01,93,422 होता, अंतिम आकडेवारीत 121,08,54,977 झाला. फरक 6,61,555 माणसांचा. दोन्ही आकड्यांखाली ‘जनगणना 2011’ लिहिता येतं, आणि दोन्ही वेळा ते खरंच असतं. मग वाचकाने कोणता आकडा धरायचा?

ही झाली आवृत्तीची गोष्ट. वर्गीकरणाची गोष्ट याहून खोल आहे. लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं होती 19,569. छाननीनंतर 1,369 मातृभाषा ठरल्या. त्यांतल्या दहा हजार किंवा अधिक भाषक असलेल्या 270 मातृभाषा 121 भाषांखाली मांडल्या गेल्या. ‘मराठी’खाली सुमारे 8.3 कोटी लोक आले. ज्यांनी मातृभाषा अहिराणी सांगितली ते त्यांत नाहीत. ते ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली आहेत. हे बरोबर की चूक, हा वेगळा वाद. पण प्रबंधात नुसते ‘8.3 कोटी मराठी भाषक’ वाचणाऱ्या धुळ्या-जळगावच्या माणसाला आपण त्या बेरजेत आहोत की नाही, हे कळायला मार्गच उरत नाही. वाद घालायचा त्याचा हक्कच आपण काढून घेतो.

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण बोलणारा आप्त असला पाहिजे, ही अट घालून. आपण काय करतो? प्रश्नावली, प्रगणक, छाननी, वर्गीकरण अशा अनेक हातांतून आलेला शब्द घेतो आणि तो प्रत्यक्ष पाहिल्यासारखा मांडतो. विदा म्हणजे आयतं मिळालेलं काही नव्हे. ती कोणीतरी घडवलेली असते, आणि घडवणाऱ्याने निर्णय घेतलेले असतात. संदर्भ द्यायचा तो त्या निर्णयांपर्यंत पोचता यावं म्हणून.

2014 साली फोर्स-11 या मंचाने विदा-संदर्भाची आठ तत्त्वं जाहीर केली. विदेच्या संदर्भाला लेख-ग्रंथांच्या संदर्भाइतकंच महत्त्व द्या, हे त्यांतलं पहिलं. आमच्या मते व्यवहारात एवढं पुरे: विदा कोणी तयार केली, कोणत्या वर्षी, संचाचं नाव, आवृत्ती, ती कुठे ठेवली आहे, आणि असल्यास डीओआय. डीओआय नसेल तर तक्त्याचा क्रमांक द्या; मातृभाषांसाठी तो सी-16 आहे. संच बदलत राहणारा असेल तर पाहिल्याची तारीख टाका. त्यातला काही भाग गाळला असेल, तर तेही सांगा. आणि हे सगळं संदर्भसूचीत यायला हवं. आभारात किंवा तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत नव्हे.

कोणी म्हणेल, आकडा एका ओळीचा आणि टीप चार ओळींची, हा कुठला न्याय? आम्ही म्हणतो, ओवीही दोन ओळींचीच असते. तिची प्रत सांगताना आपण कधी कुरकुरलो नाही. कुरकुर इथेच होते, कारण आकड्याला पाठभेद नसतो असा आपला समज आहे. तो समज सोडायला हवा. पुढची जनगणना हाती आली की कोणीतरी तुमचा आकडा नव्या आकड्याशी ताडून पाहील. तेव्हा तुम्ही नेमकं काय मोजलं होतं, ते त्याला तुमच्या टिपेवरूनच कळणार आहे.